उशिरा केलेली सुरुवात : प्रौढ वयातील व्यायामाविषयी

वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाच्या कानात पहाटेची घंटा आयुष्यभर वाजत राहते. अंधार पुरता सरलेला नसताना उठायचे, हौदावरच्या गार पाण्याने तोंड धुवायचे, मैदानावर रांगेत उभे राहायचे आणि गुरुजींच्या आज्ञेबरोबर कवायतीचे हात करायचे, हा आपणा सर्वांचा नित्यक्रम होता. त्या वयात व्यायामाचे महत्त्व आम्हांला कोणी पटवून दिले नाही. त्याची गरजही नव्हती. सायंकाळी कबड्डी, खो-खो, सुटीच्या दिवशी गावापर्यंत पायपीट, यांतून शरीर आपोआप घडत होते. पुढे शाळा सुटली, नोकरी लागली, संसार उभा राहिला आणि ती घंटा थांबली. तिच्याबरोबर आपले शरीरही हळूहळू थांबले, हे मात्र पुष्कळ उशिरा लक्षात आले.

मागे एका स्नेहमेळाव्यात आम्ही चाळिशी-पन्नाशीतल्या माजी विद्यार्थ्यांनी हौसेने विद्यार्थ्यांबरोबर रस्सीखेच खेळली. दुसऱ्या फेरीतच आमच्यापैकी तिघे छातीवर हात ठेवून कट्ट्यावर बसले. दुपारी पंगतीत जेवताना खिशांतून गोळ्यांची पाकिटे निघाली. कोणाची रक्तदाबाची, कोणाची साखरेची. आमच्या तुकडीतला एक मित्र त्या पंगतीत नव्हता. पंचेचाळिशीतच हृदयविकाराने तो गेला होता. त्याच्या आठवणी काढता काढता आमच्यात असे बोलणे झाले की, स्मरणिकेत केवळ जुन्या दिवसांचे गोडवे न गाता उरलेल्या दिवसांच्या उपयोगाचेही काही लिहावे. प्रस्तुत लेख त्या बोलण्यातून आला आहे. ज्यांनी तीस, चाळीस वा साठ वर्षांच्या वयात व्यायामाला पुन्हा किंवा प्रथमच सुरुवात करावयाची आहे, त्यांच्यासाठी तो आहे.

कष्ट आणि व्यायाम

आपल्या समाजात व्यायामाविषयी बोलू लागले की एक आक्षेप हमखास येतो. आमच्या आईवडिलांनी कधी व्यायाम केला होता काय? त्यांनी खुरपणी केली, मोळ्या वाहिल्या, विहिरी खोदल्या, ऊसतोडीला गेले. व्यायाम हा ज्यांना काम नाही त्यांचा उद्योग आहे, अशी एक समजूत आपल्या मनात घर करून आहे. ती समजूत इतिहासातून आली आहे, म्हणून तिला हसून चालणार नाही. ज्यांच्या पाठीवर पिढ्यान् पिढ्या ओझे लादले गेले, त्यांना पुन्हा हौसेने ओझे उचलावयास सांगणे विचित्र वाटणारच.

परंतु दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली ही की, आपल्यापैकी पुष्कळांची पिढी ही खुर्चीवर बसून काम करणारी घराण्यातील पहिलीच पिढी आहे. शिक्षणाने आपल्याला खुर्ची दिली. हे मोठे यश आहे. पण तिच्याबरोबर बैठे आयुष्य आले आणि खाण्याच्या सवयी मात्र कष्टाच्या काळातल्याच राहिल्या. दुसरी गोष्ट अशी की, कष्ट आणि व्यायाम यांत मूलभूत भेद आहे. कष्टात ओझे किती असावे हे काम ठरवते. व्यायामात ते शरीराच्या क्षमतेवरून ठरते. कष्टात एकच हालचाल दिवसभर होते, म्हणून एक गुडघा, एक खांदा वा कंबर झिजते. व्यायामात सर्व अंगांना वाटा मिळतो. कष्टात विश्रांती मालकाच्या मर्जीवर असते; व्यायामात विश्रांती हा आराखड्याचाच भाग असतो. म्हणून आयुष्यभर राबलेल्या आईचे गुडघे साठीत दुखतात, हा व्यायाम निरुपयोगी असल्याचा पुरावा नव्हे. मापात, क्रमाने आणि विश्रांती देऊन केलेली हालचाल तिच्या वाट्याला कधी आलीच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हालचालीचा हृदयाशी असलेला संबंध ज्या संशोधनाने प्रथम ठळकपणे दाखवला, ते आपल्यासारख्या एस. टी.ने प्रवास करणाऱ्यांना सहज समजेल असे आहे. जेरी मॉरिस या ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञाने लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील चालक आणि वाहक यांची तुलना केली. ती १९५३ साली प्रसिद्ध झाली. दोघेही एकाच गाडीवर, साधारण एकाच सामाजिक स्तरातले. चालक दिवसभर बसून, तर वाहक दिवसभर जिना चढउतार करत तिकिटे देणारा. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले, आणि झटका आला तरी त्यातून तत्काळ मृत्यू येण्याचे प्रमाणही कमी आढळले. औषध नव्हे, खुराक नव्हे. जिन्याच्या पायऱ्यांनी हा फरक केला होता.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे रुग्ण सुमारे १० कोटी १० लाख आहेत, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले त्याहून अधिक, सुमारे १३ कोटी ६० लाख. हा रोग आता शहरातल्या श्रीमंतांचा राहिलेला नाही, हे उदगीर, निलंगा वा देवणीच्या कोणत्याही औषधाच्या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहिल्यास कळते.

शरीरात काय घडते

तिशीनंतर, विशेष काही न केल्यास, दर दहा वर्षांत स्नायूंचा सुमारे ३ ते ८ टक्के भाग कमी होत जातो आणि साठीनंतर ही घट वाढते. वजनकाट्यावर हे दिसत नाही, कारण स्नायूंची जागा चरबी घेते. काटा तोच राहतो, पण जिना चढताना मांड्या थरथरतात. स्नायू केवळ ओझे उचलण्यासाठी नसतात. जेवणानंतर रक्तात येणारी साखर शोषून घेणारे सर्वांत मोठे कोठार स्नायू हेच होय. कोठार लहान झाले की साखर रक्तात राहते. म्हणून मधुमेह टाळण्यासाठी वा आटोक्यात ठेवण्यासाठी चालण्याबरोबरच बळ वाढवणारा व्यायाम आवश्यक ठरतो. हाडांचेही तसेच आहे. त्यांच्यावर ताण पडला तरच ती घट्ट राहतात. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांची हाडे वेगाने ठिसूळ होतात, त्यामुळे त्यांना या व्यायामाची गरज पुरुषांपेक्षा कमी नव्हे, अधिक आहे.

बळ वाढते ते कसे? स्नायूला त्याच्या सवयीपेक्षा किंचित अधिक काम दिले की त्यावर सौम्य ताण येतो. पुढील दोन दिवसांच्या विश्रांतीत, पुरेसे अन्न आणि झोप मिळाल्यास, तो पूर्वीपेक्षा थोडा बळकट होतो. म्हणजे बळ व्यायामाच्या वेळी नव्हे, विश्रांतीच्या वेळी वाढते. पहिल्या काही आठवड्यांत जी प्रगती होते ती मुख्यतः मज्जासंस्थेची असते; असलेल्या स्नायूंना एकत्र कामाला लावण्यास मेंदू शिकतो. स्नायू प्रत्यक्ष भरू लागण्यास दीड-दोन महिने लागतात आणि हाडांना बांधणारे कंडरे त्याहूनही सावकाश तयार होतात. आरंभी उत्साहाच्या भरात ज्यांना दुखापती होतात, त्यांचे कारण हेच. स्नायू हो म्हणतो, पण कंडरा अजून तयार नसतो.

प्राचीन ग्रीसमधील मायलो या मल्लाची एक दंतकथा सांगितली जाते. तो एक नुकतेच जन्मलेले वासरू रोज खांद्यावर घेऊन चालत असे. वासरू वाढत गेले, तसे त्याचे बळही वाढत गेले आणि अखेर तो पूर्ण वाढलेला बैल उचलू लागला. ज्या देवणीचे नाव गोवंशाच्या नावातून देशभर पोचले आहे, तिथल्या माणसाला या कथेतील अतिशयोक्ती तत्काळ कळेल; देवणीचा पुरा वाढलेला वळू कोणी खांद्यावर घेणार नाही. पण कथेतील तत्त्व खरे आहे. ओझे एकदम वाढवू नये, आणि तेच ओझे कायमही ठेवू नये.

उशीर झाला काय?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. त्याचे सर्वांत निर्णायक उत्तर १९९० साली अमेरिकेतील बॉस्टन येथून आले. मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुश्रूषागृहात राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांच्या बळाचा व्यायाम दिला. त्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. स्नायू नव्वदीतही हाकेला ओ देतात, हे त्यातून सिद्ध झाले. चाळिशीतल्या माणसाने आता आपले वय झाले असे म्हणणे म्हणजे आळसाला वयाचे नाव देणे होय.

महाराष्ट्रातच प्रौढ वयात व्यायामाकडे वळलेल्यांची दोन अगदी भिन्न उदाहरणे आहेत. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. १८९७ च्या सुमारास त्यांनी त्या काळी जगप्रसिद्ध असलेल्या युजेन सँडो याची साधने मागवून सुमारे दहा वर्षे तो व्यायाम केला. पुढे चाळिशीच्या आसपास ते सूर्यनमस्काराकडे वळले, उतारवयापर्यंत तो करत राहिले आणि आपल्या संस्थानातील शाळांतूनही त्यांनी त्याचा प्रसार केला. त्यामागील उपासना ज्याची त्याची. शरीराला कळते ती केवळ वाकणे, ताणणे आणि उठणे ही हालचाल. आपल्या दृष्टीने त्यातला धडा असा की, विलायती साधने विकत घेऊ शकणाऱ्या राजालाही शेवटी साधनांवाचूनचा, रोज करता येणारा व्यायामच टिकवता आला.

दुसरे उदाहरण लताबाई करे यांचे. बारामती परिसरात शेतमजुरी करणाऱ्या, साठी ओलांडलेल्या या बाई पतीच्या तपासणीसाठी पैसे हवेत म्हणून बारामतीच्या मॅरेथॉनमधील ज्येष्ठांच्या शर्यतीत लुगडे नेसून, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. पुढे त्यांच्यावर त्यांच्याच नावाचा चित्रपट निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःची भूमिका स्वतः केली. ही कथा सांगताना आपण बहुधा डोळे पुसतो आणि थांबतो. तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्या धावू शकल्या, कारण त्यांच्या पायांनी चालणे कधी सोडलेच नव्हते. आपल्या पायांनी ते सोडले आहे.

आपल्या जिल्ह्याला व्यायामाची परंपरा नवी नाही. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. गावोगावच्या तालमींत जोर, बैठका, मुद्गल फिरवणे चालत असे. पण तालीम ही तरुण मुलग्यांची मानली गेली. प्रौढांना, स्त्रियांना आणि गावकुसाबाहेरच्यांना तिचे दार सर्वत्र सारखे उघडे नव्हते. आज व्यायामासाठी कोणाच्या दाराशी जाण्याची गरज नाही, हाच मोठा बदल आहे.

आरंभापूर्वी

पस्तिशी उलटलेल्या प्रत्येकाने आरंभी रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात वा ग्रामीण रुग्णालयात हे होते. कमरेचा घेर मोजावा. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. ज्यांना चालताना छातीत दडपण येते, चक्कर येते, घरात कमी वयात हृदयविकाराने मृत्यू झालेले आहेत किंवा जे मधुमेहासाठी औषधे घेतात, त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून आरंभ करू नये. इन्शुलिन वा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने अचानक खाली जाऊ शकते. त्यांनी खिशात खडीसाखर ठेवावी. मधुमेहींनी अनवाणी चालू नये आणि रोज रात्री तळपाय पाहावेत, कारण त्यांना जखम कळत नाही.

पहिले बारा आठवडे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीची हालचाल आणि किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंचा बळ वाढवणारा व्यायाम करावा. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस करावेत. हे ध्येय आहे, पहिल्या दिवसाचे काम नव्हे. आम्ही आमच्यापैकी काहींबरोबर जो क्रम पाळला, तो पुढे देत आहोत.

चालणे. पहिल्या आठवड्यात रोज १० मिनिटे, इतकेच. दर आठवड्याला ५ मिनिटे वाढवावीत, म्हणजे पाचव्या आठवड्यात अर्धा तास होतो. गती अशी असावी की चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. आपल्याकडील उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वी वा सूर्यास्तानंतरच चालावे. रस्त्याने चालताना वाहने समोरून येताना दिसतील अशा बाजूने चालावे. जेवणानंतर १० मिनिटे सावकाश चालणे साखरेच्या दृष्टीने विशेष लाभदायक आहे.

बळाचा व्यायाम. आठवड्यातून दोन दिवस. मध्ये किमान दोन रात्री जाव्यात. पाच हालचाली पुरेशा आहेत. १. खुर्चीवर बसून हातांचा आधार न घेता उठणे आणि सावकाश बसणे. २. भिंतीला हात टेकून उभ्याने जोर काढणे. ३. पाठीवर निजून, गुडघे दुमडून कंबर वर उचलणे. ४. भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलणे. ५. दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन ताठ उभे राहून वीस पावले चालणे. प्रत्येक हालचाल आठ वेळा. बादल्यांची ने-आण दोन वेळा. पहिले दोन आठवडे एकच फेरी, नंतर दोन.

बादलीचा उल्लेख सहेतुक आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. म्हणजे लिटरच्या खुणा असलेली बादली हे प्रत्येक घरातले, हवे तसे कमीजास्त होणारे वजन आहे. पाच लिटरपासून आरंभ करून दर आठवड्याला एकेक लिटर वाढवता येते. याहून सोयीचे साधन कोणत्याही व्यायामशाळेत नाही.

पाचव्या ते आठव्या आठवड्यात खुर्चीऐवजी बुटके स्टूल घ्यावे, भिंतीऐवजी ओट्याला वा कट्ट्याला हात टेकून जोर काढावेत. कमरेत ताठ वाकून, पिशवीत पाच किलो ज्वारी भरून ती कोपर मागे नेत कमरेपर्यंत ओढावी. यामुळे दिवसभर वाकून बसणाऱ्यांची पाठ सुधारते. नवव्या ते बाराव्या आठवड्यात फेऱ्या तीन कराव्यात. ज्यांना जमेल त्यांनी गुडघे टेकून जमिनीवरील जोर आणि आधाराशिवाय अर्ध्या बैठका काढाव्यात.

वाढीचा नियम एकच. एखादी हालचाल योग्य पद्धतीने बारा वेळा, सलग दोन दिवशी सहज जमली, की ती थोडी अवघड करावी. प्रत्येक फेरी अशा टप्प्यावर थांबवावी की आणखी दोन-तीन वेळा जमले असते. श्वास कोंडू नये. जोर लावताना श्वास सोडावा, नाहीतर रक्तदाब एकदम चढतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू दुखले तर घाबरू नये; ते दुखणे दोन-तीन दिवसांत ओसरते. सांध्यात टोचल्यासारखे दुखले, सूज आली, तर ती हालचाल थांबवावी. पहिल्याच दिवशी पैजेने शंभर-दोनशे बैठका काढण्याचा मोह टाळावा. अतिरेकी व्यायामाने स्नायू विरघळून लघवी काळपट चहासारखी होऊ शकते आणि मूत्रपिंडावर बेतू शकते; तसे झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. छातीत दडपण, जबडा वा डाव्या हातात कळ, दरदरून घाम किंवा भोवळ आल्यास पित्त म्हणून सोडा पिऊन वाट पाहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. आमच्या मित्राच्या बाबतीत तो एक तास पित्ताच्या समजुतीत गेला होता.

मध्यम मार्ग

नियमितपणाविषयी बुद्धचरित्रातील सोणाची कथा आपण शाळेत ऐकली आहे. सुखात वाढलेला, कोवळ्या तळव्यांचा सोण संघात आला आणि चालत चालत ध्यान करताना त्याने एवढा अतिरेक केला की पाय रक्तबंबाळ झाले. काहीच साधत नाही म्हणून तो घरी परतण्याचा विचार करू लागला. भगवंतांनी त्याला त्याच्या वीणेची आठवण करून दिली. तारा अति ताणल्या तर सूर लागत नाही, सैल सोडल्या तरी लागत नाही. ती कथा साधनेची आहे, पण व्यायामाला ती जशीच्या तशी लागू पडते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रोज दोन तास घाम गाळणारा फेब्रुवारीत अंथरुणात असतो. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे देणारा दिवाळीतही मैदानावर दिसतो.

ताटातले बळ

स्नायू प्रथिनांनी बांधले जातात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या माणसाला जवळजवळ ५० ग्रॅम. बळाचा व्यायाम करणाऱ्याने त्याहून काहीसे अधिक घ्यावे, मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने डॉक्टरांना विचारूनच. आपला जिल्हा तुरीच्या आणि सोयाबीनच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम, सोयाबीनमध्ये ३६ ग्रॅमच्या आसपास, शेंगदाण्यात २५ ग्रॅम, तर एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने असतात. असे असूनही आपल्या ताटात भाकरी तीन आणि वरण चमचाभर असते. वरण घट्ट करावे, उसळ रोज असावी, जे खातात त्यांनी अंडी, मासे, मटण यांचा वाटा माफक व नियमित ठेवावा, दही-ताक घ्यावे. हजारो रुपयांच्या डब्यांतील पावडरींची सामान्य माणसाला गरज नाही. आणि झटपट शरीर कमावण्यासाठी काही ठिकाणी तरुणांना टोचली जाणारी इंजेक्शने हृदय, यकृत आणि प्रजननक्षमता यांना घातक असतात, हे पालकांनी मुलांना स्पष्ट सांगावे.

कमी खाण्याविषयीही एक जुनी गोष्ट बोधप्रद आहे. कोसलराज प्रसेनजित अति भोजनाने सुस्त झाला होता. बुद्धांनी त्याला मापात खाण्याचा उपदेश केला. राजाने सुदर्शन नावाच्या एका तरुणाला तो उपदेश पाठ करावयास लावला आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणून दाखवण्याचे काम दिले. हळूहळू राजाचा आहार कमी झाला आणि शरीर हलके झाले. राजालाही केवळ निश्चयावर विसंबता आले नाही. आठवण देणारा माणूस नेमावा लागला. आपल्या घरी हे काम मुलगी वा नातू आनंदाने करील.

दाराआडच्या अडचणी

व्यायाम न करण्याची खरी कारणे शरीरात नसतात. स्त्रियांना विचारले तर त्या सांगतात, पहाटे रस्त्यावर चालायला निघालो तर लोक काय म्हणतील? घरातील कामे कोण करील? ही अडचण खरी आहे आणि ती त्यांनी एकट्यांनी सोडवावयाची नाही. पहाटेचा चहा पतीने केला, पाणी मुलाने भरले, तर आईला अर्धा तास मिळतो. तीन-चार जणींनी मिळून चालायला निघाले की लोकांचे बोलणे आठवडाभरात थांबते. ज्यांना बाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी वर दिलेल्या पाचही हालचाली बंद खोलीत, साडीतही करता येतात.

पाळीत काम करणारे, चालक, पोलीस, परिचारिका यांनी ठरावीक वेळेचा आग्रह सोडून ठरावीक दिवस धरावेत. एखादा आठवडा चुकला तर तो भरून काढण्यासाठी दुप्पट करू नये. जेथे सोडले त्याच्या एक पायरी खालून पुन्हा आरंभ करावा. तंबाखू, गुटखा आणि दारू चालू ठेवून केलेला व्यायाम म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे होय. वहीत तारीख, किती वेळा आणि किती लिटर एवढे लिहून ठेवावे. तीन महिन्यांनी ती वही उलटून पाहण्यात जो आनंद असतो, तो आरशात पाहण्यात नसतो.

आमच्यापैकी जे सात-आठ जण या क्रमाने चालू लागले, त्यांतील तिघांनी मध्येच सोडले. दोघे परत आले. कोणाचेही शरीर पहिलवानासारखे झालेले नाही. पण एकाची साखर आटोक्यात आली, एकीला बाजाराची पिशवी घेऊन तिसरा मजला न थांबता चढता येतो आणि एकाने गेल्या दिवाळीत नातवाला खांद्यावर घेऊन गाव दाखवले. एवढ्यासाठीच हा खटाटोप होता.

ज्या संस्थेने आपल्याला अक्षरे दिली, पोटभर जेवण दिले आणि ताठ उभे राहावयास शिकवले, तिचे ऋण फेडण्याचे अनेक मार्ग आहेत. देणगी हा एक आहे. पुढल्या स्नेहमेळाव्याला आपल्या पायांनी, न धापा टाकता येणे हाही एक आहे. पहाटेची घंटा आता कोणी आपल्यासाठी वाजवणार नाही. ती ज्याने त्याने स्वतःच वाजवावयाची आहे. उद्या पहाटे दहा मिनिटे, इतकीच आमची विनंती आहे. पुढील मेळाव्यात रस्सीखेच पुन्हा ठेवावी असे आम्ही सुचवत आहोत, आणि या वेळी विद्यार्थ्यांनी आम्हांला दया दाखवू नये.